कृपया ओवी लावून घ्या

जोएन्सूला पोचले त्या रात्री
वसतिगृहाच्या धुलाईखोलीवर माझं नाव चिकटवलेलं होतं.
लिपी रोमन, म्हणून तेवढं वाचता आलं,
मागचं-पुढचं काही कळलं नाही.
वाटलं, स्वागत असेल.
फोनने उलगडून दिलं:
कृपया दार लावून घ्या, ऊब बाहेर जाते.

ओवी म्हणजे दार.
पहिल्या तासाला नावं वाचताना प्राध्यापक हल्तुनेन
जरा अडखळले, दरवाजाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
हसले नाहीत. इथं हसू सरपणासारखं मोजून काढतात.
म्हणाले, "चांगलं नाव आहे. उपयोगी."

बाबांना फोनवर सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले.
आई मागून म्हणाली, दार तर दार,
उंबरठा नाही ना म्हणाले कुणी.

विद्यापीठाने मला एक ओळखीचं घर नेमून दिलं:
इर्या, तिसरा मजला, निवृत्त बसचालक.
"एकतीस वर्षं," ती म्हणाली, "ओवी उघडली, ओवी लावली.
आता ती स्वतःच्या पायांनी आली."
तिचा हा विनोद होता, हे मला डिसेंबरात कळलं.

पहिल्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून
चार वाक्यं खर्च केली.
मधल्या शांततेत मी घाईघाईने काहीबाही भरत राहिले:
पुण्याची गर्दी, माझी भावंडं, पाइनच्या सालीवरचा माझा प्रबंध.
ती म्हणाली, "बोलायला नसेल तर राहू दे. कॉफी आहे की."
मला वाटलं, रागावली.
घरी येऊन रडले. तेही हळू, भिंती पातळ होत्या.

मी नेलेलं मेतकूट तिनं उकडलेल्या बटाट्यावर
लोण्यासोबत घेतलं आणि डोळे मिटले.
तिची काळी खारट गोळी मी रुमालात थुंकले.
तिनं पाहिलं.
डबी पुन्हा माझ्याकडे सरकवली नाही.
मार्चमध्ये मीच मागितली.

"आणि तुमच्याकडे? ओवी म्हणजे काय?"
माझं फिनिश तोकडं, तिचं इंग्रजी त्याहून.
कागदावर चार रेघा काढल्या: तीन पुऱ्या, एक अर्धी.
बायका हात कामात असताना म्हणायच्या.
साडेतीन चरण.
चरण म्हणजे पाय, हे सांगायला
मला टेबलाखालून स्वतःचा पाय दाखवावा लागला.
"म्हणजे लंगडी?"
नाही.
"मग शेवटचा अर्धाच का?"
मला माहीत नव्हतं.
मी झाडं शिकते, म्हणाले.

जुलैत तिनं मला रेल्वेरुळांमागच्या उतारावर नेलं.
रानस्ट्रॉबेऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या.
गवताची एक लांब काडी खुडून
ती एकेक फळ तिच्यात सरकवू लागली,
लहानपणी सगळेच करतात तसं,
वाटी आणायची विसरलेल्या पोरांसारखं.
मी ओरडलेच: हेच! हेच ते! ओवणं!
उताराखालच्या कुत्र्याने मान वर केली.
"ओवनं," इर्या म्हणाली. तिला ण येत नाही.
मला तिचा तो घशातला आ अजून येत नाही.
काडी भरली. अर्धी तिनं खाल्ली, अर्धी मी,
आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मीही.

काल सामान बांधून तिच्याकडे गेले.
कॉफी. बटाटे. मेतकुटाचा तळ.
जिना उतरण्याआधी मराठीतच म्हणाले, येते.
जाताना येते म्हणतात, हे तिला एकदा सांगितलं होतं,
तेव्हा ती खूप वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती.

सवयीने दार ओढून घ्यायला हात घातला,
ऊब बाहेर जाते.
तिनं लोकरी मोज्यातलं अर्धं पाऊल
चौकटीत ठेवलं.
"राओल्लान," म्हणाली.
शब्द नवा होता.
फोन खिशात होता, मी काढला नाही.

तिसऱ्या मजल्यावरून उजेडाची एक बारीक पट्टी
जिन्याच्या पायऱ्यांवर पडलेली,
दुसऱ्या मजल्यापर्यंत, पहिल्या मजल्यापर्यंत,
आणि खाली